खळ, कात्री आणि देवांच्या तसबिरी

भूपेन खख्खर हे नाव बडोद्यातील मराठी घरांना अगदीच अपरिचित नाही. ललित कला शाखेत ज्यांची मुले-भाचरे शिकली, त्यांच्याकडे ते कधी कौतुकाने, कधी कुतूहलाने, तर कधी जरा हलक्या आवाजात घेतले जात असे. ८ ऑगस्ट २००३ रोजी बडोद्यातच त्यांचे निधन झाले. त्यानंतर लंडनच्या मोठ्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, एकेका चित्राला लिलावात कोट्यवधींची किंमत आली, आणि ज्यांनी त्यांना हयातीत विक्षिप्त म्हणून बाजूस सारले होते त्यांनाही ते 'आपल्या गावचे' वाटू लागले. हे जगरहाटीस धरूनच झाले. आम्हांस त्या लिलावांविषयी लिहावयाचे नाही. त्यांच्या अगदी आरंभीच्या कामाविषयी लिहावयाचे आहे. कारण त्या कामाचा आणि आपल्या घरांच्या भिंतींचा संबंध फार जवळचा आहे, आणि तो हल्ली झपाट्याने पुसला जात आहे.

ते काम असे. १९६५ साली मुंबईस जहांगीर कलादालनात त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले. त्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील तसबिरी आणीत, कात्रीने देव तेवढे कापून काढीत आणि ते आरशांवर, फळ्यांवर चिकटवीत. भोवती जाड रंगाचे फराटे, ओघळ, आणि मधूनच भिंतीवर पोरांनी खरडावीत तशी अक्षरे. काही चित्रांना त्यांनी देवळाचा अंतर्भाग असेच नाव दिले होते. गल्लीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला मारुती असतो. त्याच्या अंगावर चांदीचा वर्ख, शेजारी कोणी आणून ठेवलेली फुटक्या काचेची लक्ष्मी, तेलाचे डाग, कोळशाने लिहिलेली नावे, असे एक देवस्थान आपोआप जमत जाते. तेच जणू त्यांनी कलादालनाच्या स्वच्छ भिंतीवर नेऊन टांगले. आणि आरसा असल्यामुळे त्या देवांच्या गर्दीत पाहणाऱ्याचा स्वतःचा चेहराही मधूनच डोकावे!

पाश्चात्त्य कलाविचारात या प्रकारास कोलाज म्हणतात. चिकटविणे या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून तो शब्द आला. मराठीत त्यास रूढ असा प्रतिशब्द नाही याचे आम्हांस नवल वाटते. कारण चिकटविण्याची विद्या आपल्याला काही परकी नाही. पिठाची खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो, फार घट्ट झाली तर वाळल्यावर पोपडा धरतो, आणि तीत चिमूटभर मोरचूद घातले तर किडीची भीती राहत नाही, एवढे ज्ञान आपल्या आज्यांना कोणत्याही कलाशाळेत न जाता होते. पण त्याकडे पुढे येऊ.

भूपेनभाईंचा जन्म १० मार्च १९३४ चा, मुंबईचा. घर गुजराती, मध्यमवर्गीय. वडील लहानपणीच गेले. अशा घरातील मुलाने शिकून चार पैसे मिळवावेत, ही अपेक्षा आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. त्याप्रमाणे तो मुलगा शिकला, चार्टर्ड अकाउंटंट झाला; आणि नेमके घर निश्चिंत व्हावे त्या वेळी, १९६२ साली, गुलाममोहम्मद शेख या तरुण चित्रकार-मित्राच्या आग्रहावरून सारे सोडून बडोद्यास आला. वय अठ्ठावीस. चित्रकलेच्या वर्गात बसण्याइतके रीतसर शिक्षण झालेले नव्हते, म्हणून कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात नाव घातले. उदरनिर्वाहासाठी पुढे कित्येक वर्षे ते बडोद्यात अर्धवेळ हिशेबनीस म्हणून काम करीत राहिले. चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही ती नोकरी त्यांनी लगेच सोडली नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जमाखर्चाच्या वहीत कोणतीही रक्कम क्षुद्र म्हणून गाळता येत नाही; दोन आण्यांचा मेळ बसला नाही तरी हिशेबनीस रात्रभर बसतो. ही सवय त्यांच्या चित्रांतही उतरली असावी असे आमचे मत आहे.

त्या काळचे बडोदे कसे होते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगितले पाहिजे. ललित कला शाखा १९५० साली सुरू झाली. चित्रकला विभागाची धुरा इंदूरच्या मराठी घरातले नारायण श्रीधर बेंद्रे यांनी १९६६ पर्यंत सांभाळली. शिल्पकलेकडे शंखो चौधुरी होते. तेथली तरुण मंडळी साठाच्या दशकात वेड्यासारखे प्रयोग करीत होती. जेराम पटेल लाकडी फळ्या ज्योतीने जाळून त्यांतून आकार काढीत. हिंमत शाह कागदाला भोके पडतील असे चटके देऊन त्यांची रचना करीत. राघव कनेरिया मोडीतले लोखंड जोडून शिल्पे उभारीत. अशा मंडळींमध्ये कोणी चित्रावर कागद चिकटविला तर त्याचे कोणासही आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. इंग्लंडहून आलेल्या एका तरुण चित्रकाराच्या सहवासात भूपेनभाईंना तिकडच्या पॉप कलेची माहितीही झालेली होती. डबे, जाहिराती, नटनट्यांची छायाचित्रे यांवर तिकडचे चित्रकार चित्रे करीत होते.

खरा धक्का होता तो त्यांनी काय चिकटविले याचा. जळके लाकूड, गंजके लोखंड हे आधुनिक अभिरुचीला चालत होते. त्यात एक प्रकारचा कठोरपणा होता. पण गुलाबी गालांचा बाळकृष्ण? नाण्यांचा पाऊस पाडणारी लक्ष्मी? हे म्हणजे किराणा दुकानाच्या कॅलेंडरावरचे चित्र. सुशिक्षित माणसाने त्यास 'बाजारू' म्हणावे, हा तेव्हा सुसंस्कृतपणाचा पहिला धडाच होता. आमच्या पिढीच्या थोरामोठ्यांनी तो गिरविलेला आम्ही पाहिला आहे. दिवाणखान्यात शांतिनिकेतनी वळणाचे एखादे चित्र, फार तर अजिंठ्याचा पद्मपाणी. आणि देवांच्या तसबिरी? त्या माजघरात, स्वयंपाकघरात, धुराने पिवळ्या पडत. पुरुषांच्या भिंती आणि बायकांच्या भिंती अशी ती सरळ वाटणीच होती. भूपेनभाईंनी स्वयंपाकघरातली भिंत उचलून दिवाणखान्यात आणली.

आता या तसबिरींची कुळकथा पाहू. कारण तिचे एक टोक बडोद्यातच बांधलेले आहे, आणि त्या गाठीला मराठी हात लागलेले आहेत. तंजावरच्या मराठी राजवटीत देवांची चित्रे सोन्याच्या वर्खाने व काचेच्या खड्यांनी मढविण्याची कला भरास आली होती, हे सर्वश्रुत आहे. सर टी. माधवराव हे तिकडच्याच मराठी समाजातले. त्यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. त्रावणकोर व इंदूर येथील दिवाणगिरीनंतर ते १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण होते. राजा रविवर्मा यांना बडोद्याची वाट त्यांनी दाखविली, आणि पुढे एक-एक चित्र किती जणांना पुरणार, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असा सल्लाही पत्राने त्यांनीच दिला. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली चौदा पौराणिक चित्रांचे काम सांगितले. ती चित्रे १८९० च्या अखेरीस पुरी झाली आणि बडोद्यात व मुंबईत लोकांस पाहावयास ठेविली, तेव्हा गर्दी लोटली. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला; तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. दगडावर चित्र उतरवावयाचे, प्रत्येक रंगास वेगळा दगड, आणि शेवटी रोगणाचा हात देऊन तैलचित्राचा भास आणावयाचा, अशी ती रीत होती. तेथून निघालेले देव चार आण्या-आठ आण्यांत देशभर पोहोचले. राजवाड्यातली सरस्वती अशा प्रकारे शिंप्याच्या दुकानात आणि कोळणीच्या झोपडीत येऊन बसली. विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना एका जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. १९७२ साली आगीत त्याचा अंत झाला.

एवढा भाग पुस्तकांतून सापडतो. पुढला भाग घरोघर घडला. छापलेली तसबीर घरी आल्यावर आपल्या बायकांनी ती तशीच टांगली नाही. विटलेल्या शालूचा काठ कापून त्यांनी तो लक्ष्मीला नेसविला. चोळीच्या जागी खणाचा तुकडा, मुकुटावर टिकल्या, गळ्यात तुटलेल्या पोतीचे मणी, नथीला खरोखरीचे बारीक मोती, कमळाच्या पाकळ्यांना कलाबतूची कड. चेहरा, हात आणि पावले तेवढी छापील. बाकी सारे अंगावर चढविलेले. देशाच्या अन्य भागांतही हे काम होत असे, पण दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी वाड्यांतून आम्ही अशा ज्या तसबिरी पाहिल्या, त्यांतील काही पाहताना नजर हलत नसे. एका सरस्वतीच्या पातळाला तर निऱ्या इतक्या बेताने घातल्या होत्या की वारा आला असता तर त्या हलल्या असत्या. वीणेच्या तारा मात्र कोणी तरी केसांच्या ओढल्या होत्या. घरातील वृद्ध गृहस्थ म्हणाले, ते केस करणाऱ्या बाईंचे स्वतःचेच.

यास कोलाज न म्हणावे तर काय म्हणावे? सापडेल ती वस्तू, निरुपयोगी झालेला तुकडा, छापील चित्र, खळ आणि सुई. साहित्य तेच. आणि ते एकट्या तसबिरीपुरते नाही. लग्नातील रुखवत आठवावे: बांगड्यांच्या काचांचा मोर, काड्यापेटीच्या काड्यांचे देऊळ, शिंपल्यांचे हंस, लवंगा-वेलदोड्यांच्या बाहुल्या. गणपतीचे मखर आठवावे. सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद ते करणाऱ्यांस वर्षभर जमवावा लागे, आणि न ओढणाऱ्यांच्या घरातही तो साठे. चार लुगड्यांची एक गोधडी तर प्रत्येकाने अंगावर घेतली आहे.

पाश्चात्त्यांच्या इतिहासात या प्रकाराचा जन्म १९१२ साली झाला असे मानतात. त्या वर्षी पिकासो याने वेताच्या विणीचे छापील मेणकापड चित्रावर डकविले आणि चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला. त्याच्यामागून जर्मनीतील हॅनोव्हर शहरी कुर्ट श्विटर्स नावाचा एक विलक्षण गृहस्थ झाला. ट्रामची तिकिटे, बाटल्यांवरचे कागद, तुटकी बटणे, तारा, जे पायाखाली येईल ते खिशात घालून घरी न्यावयाचे व त्यांची चित्रे करावयाची, हा त्याचा क्रम. एका फाटक्या जाहिरातीतील अर्धवट उरलेल्या 'मेर्झ' या निरर्थक अक्षरांवरूनच त्याने आपल्या साऱ्या कलेला नाव दिले. राहत्या घराच्या खोल्याही त्याने अशाच वस्तूंनी भरत नेल्या. नाझी राजवटीपुढे त्याला देश सोडावा लागला. ते घर १९४३ च्या बाँबवर्षावात नष्ट झाले, आणि तो १९४८ साली इंग्लंडात वारला. पहिल्या महायुद्धानंतरच्या मोडक्या जगात मोडक्या वस्तूंखेरीज हाती काय होते, हा त्याच्या कलेमागचा विचार आहे. आपल्या बायकांच्या तसबिरींमागचा विचार अगदी वेगळा. शालू विटला तरी तो लग्नातला आहे, टाकवत नाही, मग देवीला नेसवावा. मोडतोडीतून त्या शोक करीत नव्हत्या, संसार पुरवीत होत्या. श्विटर्सशी भूपेनभाईंची बरोबरी पुष्कळ जण करतील, आणि ती चुकीची नाही. आम्हांस मात्र ते त्या बायकांच्या जवळचे वाटतात.

येथे एक शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. देवांची चित्रे कात्रीने कापणे, त्यांच्यावर रंगाचे फराटे ओढणे ही विटंबना नव्हे काय? ज्या घरात रोज सकाळी त्याच चित्राला हळदकुंकू वाहिले जाते, त्या घरातील माणसाने हा प्रश्न विचारावा यात गैर काही नाही. आमचे उत्तर असे की, भूपेनभाईंच्या त्या कामात थट्टा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती थट्टा कोठे संपते आणि नमस्कार कोठे सुरू होतो, ती रेघ त्यांनी मुद्दाम पुसलेली आहे. मराठी माणसाला हे समजणे जड जाऊ नये. जनाबाईने विठोबाला ज्या शब्दांत फैलावर घेतले आहे, ते शब्द परक्या माणसाला उच्चारता येणार नाहीत. ते घरच्यालाच शोभतात. उलट, वर्षानुवर्षे पुजलेली तसबीर चौकट मोडली म्हणून, नव्या फ्लॅटात खिळा मारता येत नाही म्हणून, पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवण्याची जी चाल सर्वत्र पडली आहे, तिला कोणी विटंबना म्हणत नाही. संध्याकाळी एखाद्या पारापाशी उभे राहावे: काच फुटलेले दत्त, पावसाने फुगलेला सत्यनारायण, अंगावरची जर कोणी तरी उचकटून नेलेली अन्नपूर्णा. कचऱ्यात टाकले नाही एवढे समाधान घेऊन माणसे घरी गेलेली असतात.

या गावच्या मुलांनाही ही दृष्टी उपजत आहे असे आम्हांस दिसते. एका शाळेच्या चित्रकला-स्पर्धेस आठवीतील एका मुलीने एक मोठा पुठ्ठा दिला होता. घरी येणाऱ्या लग्नपत्रिका रद्दीत जाण्यापूर्वी तिची आजी त्यावरील गणपती कापून डब्यात ठेवी. गणपती रद्दीत जाऊ नये म्हणून. ते साठ-सत्तर गणपती त्या मुलीने ओळीने डकविले होते. मराठी पत्रिकेवरचे वेगळे, गुजराती कंकोतरीवरचे वेगळे. एक पिंपळपानाच्या आकाराचा, एक नुसत्या सोनेरी रेषेचा, एक मखमली कागदाचा. खाली तिने पेन्सिलीने वर्षे घातली होती. दहा-बारा वर्षांत गणपती कसकसे बदलत गेले, कोणत्या वर्षी सोनेरी शाई आली, हे त्यात स्पष्ट दिसत होते. परीक्षकांनी शेरा दिला की चित्र स्वहस्ते काढलेले नाही, आणि पुठ्ठा स्पर्धेतून बाद केला. नियमावर बोट ठेवले तर ते बरोबरच होते.

भूपेनभाईंनी कात्री पुढे बाजूस ठेवली आणि ते तैलरंगात चित्रे करू लागले. पण नजर तीच राहिली. १९७२ सालच्या त्यांच्या चित्रांत घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशी बाजारपेठेतील साधी माणसे आपापल्या दुकानांच्या पाट्यांसकट बसलेली आहेत. 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डीलक्स टेलर्स' ही चित्रांची नावेच आहेत. त्याच वर्षीच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्यांनी जेम्स बाँडसारख्या नायकांच्या थाटात स्वतःची छायाचित्रे छापून घेतली होती. प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ धरलेल्या माणसाचे त्यांचे चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. प्लास्टिकची फुले ही सुसंस्कृत माणसाने नाक मुरडण्याची आणखी एक वस्तू! शेख यांच्यासह त्यांनी १९६९ ते १९७३ या काळात 'वृश्चिक' नावाचे छोटेखानी नियतकालिक बडोद्यातून चालविले. गुजरातीत कथा लिहिल्या, नाटक लिहिले. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'मगनभाईनो गुंदर' असे आहे. गुंदर म्हणजे आपला डिंक. चिकटविणाऱ्या माणसाला दुसरे कोणते नाव सुचणार?

१९८० साली त्यांच्या आईचे निधन झाले. त्यानंतर, आपले प्रेम पुरुषांवर आहे ही गोष्ट त्यांनी चित्रांतून उघडपणे सांगितली. त्या काळी या देशात असे करणारा चित्रकार विरळा. कुटुंबासाठी निघणाऱ्या मासिकात हे टाळावे असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने आयुष्यभर इतरांनी लपविलेल्या वस्तू भिंतीवर आणल्या, त्याच्याविषयी लिहिताना एक वस्तू आपणच झाकून ठेवणे बरे दिसणार नाही. १९८१ च्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात एक विवस्त्र मनुष्य सज्जात उभा राहून खालची वस्ती पाहत आहे, आणि खाली बाप, मुलगा व गाढव यांची आपल्या क्रमिक पुस्तकांतली गोष्ट चालू आहे. सर्वांना खूष करता येत नाही, असे त्या चित्राचे नाव. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, आणि तेथे २०१६ साली भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनाला हेच नाव दिले होते. तिकडच्या एका वृत्तपत्रीय टीकाकाराने त्यावर सडकून टीका केली, इतरांनी त्याला उत्तरे दिली. म्हणजे नाव सार्थ झाले. भारत सरकारने त्यांना १९८४ साली पद्मश्री दिली होती. १९९२ साली जर्मनीतील कासेलच्या जागतिक कला-प्रदर्शनाचे त्यांना निमंत्रण होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येतो. भूपेनभाईंच्या प्रत्येक चिकटचित्राखाली त्यांचे नाव आहे. ते कोठे आहे, कोणाच्या संग्रहात आहे, याची नोंद होते. छापील तसबिरीच्या तळाशीही छापखान्याचे नाव बारीक अक्षरांत असते. परंतु त्या तसबिरीला शालू नेसविणाऱ्या बाईचे नाव कोठेच नाही. दांडिया बाजारातील वाडे एकामागून एक पडत आहेत. त्यांच्या जागी चार-चार मजले उभे राहत आहेत. त्या वेळी जुन्या वस्तूंचे व्यापारी येतात. कोरीव खांब आणि पितळी हंडे यांच्याबरोबर ते जरीच्या तसबिरीही घेऊन जातात, आणि सागवानी चौकटीच्या मोलाने नेतात. पुढे त्या एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर लागतात. तेथे खाली पाटी असलीच तर त्यावर रविवर्म्यांचे नाव असते.

अशी एक तसबीर आम्ही मागील फळी काढून पाहिली होती. आतल्या कागदावर मोडीत दोन ओळी होत्या. शक लागले, जर कोणाच्या शालूची तेही लागले. करणारीचे नाव पहिल्या ओळीच्या आरंभी होते; तेथे वाळवीने गोल छिद्र पाडलेले होते, कोणी रुपया ठेवून कापावे तसे.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्याकडे सासरची-माहेरची जुनी घरे अजून उभी आहेत त्यांस, काही व्यवहारातल्या सूचना करतो. अशी तसबीर असेल तर ती ओल येणाऱ्या भिंतीवर ठेवू नये. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये खालच्या बाजूस बुचाचे दोन तुकडे लावले म्हणजे वारा खेळतो. जर उसवली असेल तर चिकटपट्टी मुळीच लावू नये. तिचा डिंक वर्षभरात पिवळा पडतो आणि काढताना छापील चेहरा घेऊन निघतो. काच फुटली असेल तर काच बदलावी, तसबीर काढू नये. पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढची आजी, मावशी, काकू असेल तर तिला विचारून, ही कोणी केली, कोणत्या साली, वस्त्र कोणाच्या लग्नातले, मणी कोठले, एवढे एका वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद मागच्या फळीच्या आत सरकवून ठेवावा. शाई फुटते, पेन्सिल टिकते. त्या मजकुराची एक नक्कल संपादकांच्या पत्त्यावर पाठविल्यास या पानावर ती क्रमाने देऊ. आडनाव माहीत नसेल तर नुसते नाव चालेल, आणि नावही माहीत नसेल तर 'भाऊंची आत्या' एवढे सुद्धा चालेल.